मूल शाळेत दिवसभर लघवीला जात नाही, पाणी पीत नाही. नाशिकमधलं कुणी मार्ग सांगेल का?

सिडकोची_आई | १२ जुलै २०२४, रात्री ११.४०

नमस्कार. इथे वाचत बरेच दिवस असते, लिहितेय पहिल्यांदाच. नाशिकमध्ये समोरासमोर कुणाला विचारायची हिंमत होत नाहीये म्हणून इथे.

आमचं मूल ११ वर्षांचं आहे, सहावीत. जन्माने मुलगा. मी मुद्दाम मूल लिहितेय कारण दोन वर्षं झाली मला नेमकं काय म्हणावं तेच सुचत नाही, घरात पण मी "पिल्लू आलं का, जेवलं का" असंच बोलते म्हणजे आला पण नको आणि आली पण नको. चार वर्षांचं असल्यापासून स्वतःबद्दल "मी आले, मी जेवले" म्हणतं. तेव्हा सगळे हसायचे, आईच्या पदराला धरून असतं म्हणून तिचं ऐकून बोलतं असं म्हणायचे. पहिलीत बाईंनी पाठीत धपाटा घालून "आलो म्हण" शिकवलं, तर त्याने शाळेत स्वतःबद्दलचं क्रियापदच टाळायला सुरुवात केली. "बाई, वही घरी." "बाई, पोटात दुखतंय." मला हे कळलं मागच्या वर्षी, वही बघताना. माझी सहल असा निबंध होता आणि दीड पान निबंधात मी हा शब्द एकदाही नाही, सगळीकडे आम्ही गेलो, आम्ही पाहिलं, आम्हाला भूक लागली. खाली बाईंचा शेरा, छान, पण स्वतःचे अनुभव लिही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता जे तातडीचं आहे ते सांगते. मागच्या वर्षी मुलांच्या टॉयलेटमध्ये दोघातिघांनी मिळून चड्डी ओढली, बघू दे आहे का म्हणून. तेव्हापासून तिथे पाय ठेवत नाही. साडेसहाला व्हॅन येते आणि घरी यायला पावणेदोन होतात, तेवढा वेळ धरून ठेवायचं आणि लागूच नये म्हणून पाणी प्यायचं नाही, बाटली जशीच्या तशी परत येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात थंडी वाजून ताप, लघवीला आग, रडून रडून बेजार. डॉक्टर म्हणाले या वयाच्या मुलग्यांमध्ये असं इन्फेक्शन तेवढं दिसत नाही, धरून ठेवतो का? तेव्हा सगळं बाहेर आलं.

शाळेत गेले. मॅडम वाईट नाही बोलल्या, म्हणाल्या स्टाफचं टॉयलेट वापरू दे पण दर वेळी वर्गशिक्षिकेला विचारून आणि चावी ऑफिसमधून घेऊन. म्हणजे अख्ख्या वर्गासमोर उठून विचारायचं. एकदा गेलं, तर शिपाई मामा म्हणाले तुला कशाला रे इथलं? परत गेलं नाही.

दुसरं, एका डॉक्टरांनी सांगितलं पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं देऊ, दोनचार डोसात गाडी रुळावर येईल. मिस्टर म्हणतात देऊन बघू. ते अंबडला कंपनीत फिटर आहेत, वाईट माणूस नाहीत, हात कधी उगारला नाही, पण सहा महिने झाले जेवताना पिल्लाशी एक शब्द बोलत नाहीत. सासूबाई वणीला जाऊन नवस बोलून आल्यात, आणि त्यांना भीती वाटते की ते तृतीयपंथी लोक येऊन घेऊन जातील. नेटवर प्युबर्टी ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थांबवून धरणारं औषध, वगैरे वाचलं तर एक म्हणतो अमृत, दुसरा म्हणतो विष. आणि पिल्लू रोज रात्री मोबाईलची टॉर्च लावून आरशात वरचा ओठ बघतं, मिशी फुटली का म्हणून. मला काय करावं कळत नाहीये. शाळेत काय बोलू, इंजेक्शनचं काय करू, कुठे दाखवू, कुणीतरी सांगा.

गंगापूर_रोडकर | १३ जुलै, सकाळी ८.१५

ताई, वाचून पोटात कालवलं. तरी मनात आहे ते बोलते, राग मानू नका. माझी मुलगी सातवीत आहे. उद्या शाळेने सांगितलं की एक मुलगा आता मुलींच्या टॉयलेटमध्ये येणार तर मला धस्स होईल, खोटं कशाला सांगू. तुमचं लेकरू कुणाला त्रास देणारं नाही हे दिसतंच आहे, पण या वयात मुलींची पाळी सुरू होत असते, आधीच अवघडलेल्या असतात. आणि ११ वर्षं म्हणजे काहीच नाही हो, या वयात मनात शंभर गोष्टी येतात जातात. गोळ्या, इंजेक्शनं कुठल्याच बाजूची नकोत, एवढंच माझं म्हणणं.

बालरोग_नाशिकरोड | १३ जुलै, दुपारी ३.०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. तपासल्याशिवाय इलाज सांगत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट सांगायलाच हव्यात.

ते पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन देऊ नका. मिस्टरांना हे वाचायला द्या हवं तर. मूल स्वतःला आतून काय समजतं ते टेस्टोस्टेरॉनने बदलत नाही, उलट ज्या मिशीला आणि घोगऱ्या आवाजाला लेकरू घाबरतंय तेच तुम्ही वेळेआधी आणाल, आणि एवढ्या लवकर दिलं तर हाडांची वाढीची टोकं आधीच जुळून उंची खुंटू शकते. हे "सरळ करण्याचे" उपचार मद्रास हायकोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आणि मुळात हा मनाचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवीन यादी, आयसीडी ११, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलंय. मूल आजारी नाहीये, मूल कोंडीत आहे, आणि त्या कोंडीचा त्रास मात्र खराच असतो, त्यावर मदत लागते.

लघवीचं आधी बघा, ते आजचं काम आहे. या वयात मूत्राशयात साधारण ३५० ते ४०० मिली मावतं, दर अडीचतीन तासांनी रिकामं व्हायला हवं. सात तास धरलं की जंतूंना वाढायला आयता वेळ मिळतो, पाणी कमी म्हणून लघवी दाट, त्यात बहुतेक वेळा शौच पण धरलेलं असतं, बद्धकोष्ठ झालं की मूत्राशयावर दाब येतो आणि इन्फेक्शन उलटतं. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, सोनोग्राफी सांगतील ती लघवी करून झाल्यावर किती शिल्लक राहते तेही बघून करा. पण शाळेत जायची सोय झाली नाही तर पुढच्या महिन्यात तुम्ही परत आमच्याकडेच याल.

आता ब्लॉकर. वयात यायला सुरुवात व्हायच्या आधी या मुलांना कुठलंही औषध द्यायचं नसतं, जगात कुठेच नाही. मुलग्यांमध्ये ही सुरुवात ९ ते १४ मध्ये कधीही होते, आणि ती मिशीवरून नाही कळत, मिशी खूप उशिरा येते. पहिली खूण वृषणांचा आकार, त्याला आमच्याकडे वेगवेगळ्या मापाच्या मण्यांची माळ असते, ४ मिलीच्या मण्याएवढा झाला की सुरुवात झाली समजायचं. पिल्लाला एवढं जरी शांतपणे सांगितलं की एका रात्रीत काही उगवत नाही, तरी ती टॉर्च बंद व्हायला मदत होईल.

ब्लॉकर म्हणजे महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, मेंदूकडून येणारा वयात येण्याचा निरोप थांबवतं. औषध नवीन नाही, सहासात वर्षांच्या मुलींना लवकर वयात येण्याची लक्षणं दिसली की तेच वापरतात. थांबवलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. पण फुकटात काही नाही, त्या काळात हाडांमध्ये कॅल्शियम भरायचा वेग मंदावतो, आणि अगदी लवकर सुरू करून पुढे थेट स्त्री हार्मोन घेतले तर पुढे मूल होण्याची शक्यता जाऊ शकते, हे आईबापांना समजून घ्यावं लागतं. यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. इंग्लंडमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये सरकारी आरोग्यसेवेने नेहमीच्या उपचारात ब्लॉकर देणं थांबवलं, एप्रिलमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला की पुरावा कमकुवत आहे. स्वीडन, फिनलंडनेही हात आखडता घेतलाय. उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपली उपचारांच्या बाजूची भूमिका कायम ठेवली, पण त्याच देशात वीसहून जास्त राज्यांनी १८ खालच्यांना हे उपचार देण्यावर बंदी घातलीये. त्यामुळे व्हॉट्सॲपवर कुणी छातीठोकपणे अमृत किंवा विष म्हणत असेल तर दोघांचंही ऐकू नका. लहानपणी असं वाटणारी सगळीच मुलं पुढे ट्रान्सजेंडर होत नाहीत हे खरं, आणि जे वाटणं चौथ्या वर्षापासून अकराव्यापर्यंत टिकलंय त्याला नुसतं खूळ म्हणून झटकता येत नाही हेही खरं. ऑपरेशनचा तर आपल्याकडे १८ च्या आधी विषयच नाही.

दाखवायचं दोघांना, मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचे डॉक्टर. मुंबईत केईएम हॉस्पिटलला दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलात की परळ जवळच. लघवीचे सगळे रिपोर्ट, उंची वजनाच्या जुन्या नोंदी, लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. आणि एक लक्षात ठेवा, मूल खूप गप्प झालं, स्वतःला इजा करायचं बोललं तर वाट बघू नका, टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठची | १३ जुलै, रात्री १०.३०

ताई, सासूबाई ज्यांना घाबरतात ना, मी त्या लोकांतली आहे. पंचवटीत वाढले, आता ३४ वर्षांची आहे. त्यांना सांगा कुणी कुणाचं लेकरू घेऊन जात नाही. घरातून ज्याला हाकललं ते आमच्या दारात येतं, आणि आलं की आम्ही आधी त्याला विचारतो जेवलीस का. मला कुणी नेलं नव्हतं, मी नववीत घर सोडलं कारण घरात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती.

टॉयलेटचं वाचलं आणि अंगावर काटा आला. मी सातवी ते नववी शाळेत पाणी प्यायले नाही. मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीत जायची सोयच नव्हती, बायल्या बायल्या करून भिंतीला दाबायचे. मग मी युक्ती काढली, तास चालू असताना जायचं म्हणजे तिथे कुणी नसतं. गणिताच्या तासाला जायचे कारण गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. तर त्यांनी माझं नाव तास बुडवणाऱ्यांच्या यादीत टाकलं, वडिलांना बोलावलं, आणि मी काय सांगणार होते वडिलांना? मार खाल्ला आणि गप्प बसले. गणित माझं तिथे सुटलं ते सुटलंच, आज पण हिशोब करताना बोटं मोजते.

त्या निबंधाचं मला सगळ्यात जास्त लागलं. मी पण आम्ही आम्ही करूनच लिहायचे. कोल्हापूरकडच्या पोरी मी आलो, मी गेलो म्हणतात, त्यांना कुणी धपाटा घालत नाही, गोड वाटतं उलट. तुमच्या लेकीनं आले म्हटलं तर शाळेचं काय अडतं?

स्टाफ टॉयलेटची चावी वर्गासमोर मागायला लावणं म्हणजे सोय नाही ताई, ती रोजची शिक्षा आहे. विचारायला न लागता जाता आलं पाहिजे. आणि गंगापूर रोडच्या ताई, तुमच्या मुलीच्या वयाची असताना मी कुणालाही बघायला नव्हते जात हो कुठे, मला फक्त दार लावून बसायचं होतं.

गुरुजी_दिंडोरी | १४ जुलै, सकाळी ७.२०

मी दिंडोरी तालुक्यात शिक्षक आहे, १८ वर्षं झाली. शाळेच्या बाजूने थोडं सांगतो म्हणजे तुम्हाला बोलायला सोपं जाईल.

मुख्याध्यापक बाईंना दोन भीती असणार, एक इतर पालकांची आणि दुसरी वरून कुणी विचारलं तर कागद काय दाखवायचा याची. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी टॉयलेट एवढंच लिहिलंय, तिसऱ्या कुणाचा विचारच त्यात नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी या मुलांवर एक पुस्तिका काढली होती, त्यात टॉयलेट, गणवेश, मुलामुलींच्या वेगळ्या रांगा सगळ्यावर लिहिलेलं, पण आक्षेप आल्यावर थोड्याच दिवसांत ती वेबसाइटवरून उतरवली. मी तेव्हा डाउनलोड करून घेतलेली आणि वाचलेली, खूप शहाणपणाची होती. माझ्या वर्गात असं एक मूल होऊन गेलं आणि मी त्याला कवायतीत मुलांच्या रांगेत ओढून उभं केलं होतं, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

आता कामाचं. शाळेत दिव्यांग मुलांसाठीचं टॉयलेट आहे का विचारा. युडायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला कळवायच्या फॉर्ममध्ये दरवर्षी ते आहे की नाही भरून द्यावं लागतं, त्यामुळे पुष्कळ शाळांत ते बांधलेलं असतं, तळमजल्यावर, एकाच माणसाचं, आतून बंद होणारं. आणि पुष्कळ शाळांत त्यात झाडू, चुन्याची पोती, गॅदरिंगचं सामान भरलेलं असतं हेही तेवढंच खरं. ते रिकामं करून द्या म्हणा, कुलूप नको, चावी नको. आणि मुख्य म्हणजे ते फक्त तुमच्या पिल्लाचं असं ठरवू नका. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना सांगायचं की ज्याला गर्दीत अवघडतं, ज्याचं पोट बिघडलंय, ज्या मुलीला पॅड बदलायला निवांत जागा हवीये, त्यांनी हे वापरायचं, दिव्यांग मुलाला आधी. मग कोण कशाला गेलं हे कुणी बघत बसत नाही.

तोंडी बोलू नका, अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात ट्रान्सजेंडर वगैरे शब्द लिहायचा की नाही हे लेकराला विचारून ठरवा. नुसतं "वारंवार लघवीचा संसर्ग, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दर तीन तासांनी स्वच्छतागृहात जाणे आवश्यक, वर्गात परवानगी न मागता जाऊ द्यावे" एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत दिलं तरी आत्ताचं काम होतं. चड्डी ओढणाऱ्या पोरांचं मात्र वेगळं लिहून द्या, ते दाबू देऊ नका.

कायद्याचं_बोला | १४ जुलै, दुपारी १.५०

गुरुजींशी सहमत, अर्जच द्या. तरी पाठीशी काय आहे ते माहीत असू द्या ताई, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की माणसाचं लिंग काय ते त्याचं त्याने ठरवायचं, आणि सरकारांना ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी दवाखान्यात उपचार आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये शिक्षणसंस्थेत भेदभाव करायचा नाही आणि कलम १३ मध्ये सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने या मुलांना सगळ्यांच्या बरोबरीने सामावून घ्यायचं. सासूबाईंसाठी कलम १२, ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला आईबापांपासून वेगळं करता येत नाही, कोर्टाचा आदेश असल्याशिवाय. ओळखपत्र हवं असेल तर १८ च्या आत आईवडील जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, नॅशनल पोर्टलवरून ऑनलाइन, २०२० च्या नियमांप्रमाणे शरीराची तपासणी लागत नाही. चौकशी करायची तर नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणचं ऑफिस आहे. पण त्याची घाई नाही, आणि टॉयलेटला जायला आधी कार्ड आणा असं शाळा म्हणाली तर तसं कायद्यात कुठेही नाही.

कोर्टाची पायरी मात्र शक्यतो नको. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये गॅव्हिन ग्रिम म्हणून एक मुलगा, जन्माने मुलगी. २०१४ मध्ये मुख्याध्यापकांनी त्याला मुलांचं टॉयलेट वापरू दिलं, सात आठवडे कुणाला काही त्रास नाही, मग पालकांची ओरड झाली आणि डिसेंबरमध्ये शाळा बोर्डाने बंदी घातली. त्याच्यासाठी सामानाच्या खोल्यांची एकेकट्याची टॉयलेट करून दिली. तिकडे जाणं म्हणजे सगळ्यांना दाखवत जाणं, म्हणून तो धरून ठेवायचा आणि त्याला लघवीची इन्फेक्शनं व्हायची, अगदी तुमच्यासारखंच. तो शेवटी जिंकला, जून २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बोर्डाचं अपील ऐकायला नकार दिला, बोर्डाला तेरा लाख डॉलर वकिलांच्या फीपोटी भरावे लागले, पण तोपर्यंत शाळा सोडून त्याला चार वर्षं झाली होती. म्हणून गुरुजी म्हणतात ते महत्त्वाचं, वेगळी खोली देऊन एकट्याला बाजूला काढू नका, ती सगळ्यांची करा.

गंगापूर_रोडकर | १४ जुलै, रात्री ९.१०

गोदाकाठची ताई, तुमचं वाचून काल रात्री मी मुलीला सहज विचारलं, तू शाळेत जातेस का गं टॉयलेटला? नाही म्हणाली. दोन दारांना कडीच नाहीये म्हणे, मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहते, आणि मैत्रीण आली नसेल त्या दिवशी जायचं नाही. पाचवीपासून चाललंय हे आणि मला आज कळतंय. मी भलत्याच गोष्टीची काळजी करत बसले होते. मुलींच्या टॉयलेटबद्दल अजून माझ्या मनात पूर्ण उत्तर नाही, ते तसंच सांगते, पण सिडकोच्या ताईंच्या अर्जाखाली दुसऱ्या पालकाची सही लागली तर माझी घ्या, शाळा वेगळी असली तरी.

सिडकोची_आई | १५ जुलै, सकाळी ६.५०

तुम्हा सगळ्यांचं रात्रभर वाचलं. मिस्टरांना डॉक्टरांचं उत्तर वाचायला मोबाईल दिला, काही बोलले नाहीत, फक्त उंची खुंटते तिथे परत वर जाऊन वाचलं. इंजेक्शनचा विषय त्यानंतर निघाला नाही. व्हॅन आली, अर्ज लिहून झालाय, आज जातेय.

सिडकोची_आई | २८ जुलै, रात्री १०.१५

उशीर झाला कळवायला. अर्ज दिला, शिक्का घेतला. मॅडमनी आधी बघते म्हटलं, मग डॉक्टरांची चिठ्ठी बघून स्वतः उठून दाखवायला घेऊन गेल्या. गुरुजी, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, तळमजल्यावर रॅम्पच्या शेजारी टॉयलेट आहे आणि आत लेझीम, फाटके बॅनर आणि मोडकी बाकं. शनिवारी शिपाई मामांनीच रिकामं केलं. मी त्यांना दोन शब्द बोलायचं ठरवून गेले होते पण ते घामाघूम होऊन फरशी घासत होते, मला बोलवेना. नळाला पाणी आहे. पण दाराला कडी नाही, नुसती भोकं. मॅडम म्हणाल्या सुताराला सांगते, पंधरा दिवस तरी जातील.

घरी येऊन हे सासूबाईंना सांगत होते, मिस्टर पेपर वाचत होते. आज रविवार. सकाळी उठून बघते तर ड्रिल मशीन, स्क्रू, नवी कडी पिशवीत भरून तयार. मॅडमना फोन करून विचारलं, मामा उघडायला आले. पिल्लाला पण घेऊन गेलो. कडी किती उंचीवर लावायची ते बघायला ह्यांनी दाराला पेन्सिलने खूण केली, मग म्हणाले इकडे ये, दाराला चिकटून उभी राहा, हात कुठवर पोचतो बघू. उभी राहा म्हणाले. मुद्दाम म्हणाले की तोंडातून गेलं मी विचारलं नाही, पिल्लाने माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन उभं राहिलं. खांद्याच्या जरा वर लावलीये, लहान वर्गातल्यांचा पण हात पोचेल अशी. निघताना मुलींच्या टॉयलेटची पण दोन दारं बघून आले, तिथल्या कड्या पुढच्या रविवारी लावणार आहेत, माप घेऊन ठेवलंय.

चड्डी ओढणाऱ्यांपैकी एकाचे आईवडील येऊन भेटले, दुसरे अजून आले नाहीत. वर्गात चिडवणं चालूच आहे, ते काही एकदम थांबायचं नाही. केईएमला पुढच्या गुरुवारी जातोय, पंचवटीची तिघांची तिकिटं काढलीत. डॉक्टर, उंची वजनाच्या नोंदी मला फक्त पाच वर्षांपर्यंतच्याच सापडल्या, त्यानंतरच्या शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर असतील तर ते चालेल का? आणि मानसोपचारवाल्यांकडे आधी केस पेपर काढायचा की हार्मोनवाल्यांकडे?

बालरोग_नाशिकरोड | २९ जुलै, सकाळी ७.४०

शाळेचं कार्ड चालेल, झेरॉक्स घेऊन ठेवा. केस पेपर आधी मानसोपचार विभागाचा काढा, ते पुढे हार्मोनवाल्यांकडे चिठ्ठी देतात. ओपीडीला गर्दी असते, सकाळी लवकर नंबर लागतो, पंचवटी उशिरा पोचली तर त्या दिवशी दोन्हीकडे होईलच असं नाही, मुक्कामाची तयारी ठेवा. आणि गाडीत पाणी प्यायला द्या.